शेल्टरमधून कुत्रा आणायचाय, पण लोकांचं ऐकून मन धजावत नाही

ताई, आमच्या घरी कुत्रा आणायचा हे एकदाचं ठरलं. मी, नवरा, सासूबाई आणि ७ वर्षांची मुलगी असे आम्ही चौघं, त्यात आम्ही दोघं नोकरीला. विकत घ्यायचा नाही, शेल्टरमधूनच आणायचा असं माझ्या डोक्यात आहे आणि जवळच एक शेल्टर आहे म्हणून चार लोकांना विचारलं, तर डोकं भणभणायला लागलं. एका मैत्रिणीने तिथून पिल्लू आणलं ते पाचव्या दिवशी उलट्या करायला लागलं, पार्वो निघाला, तो पिल्लांचा जीवघेणा संसर्ग, गेलं बिचारं. ती म्हणते त्यांनी आजारी पिल्लू गळ्यात मारलं. दुसऱ्या मैत्रिणीला तर दिलंच नाही, भाड्याचं घर आणि दोघं नोकरीला म्हणून, वर असे प्रश्न विचारले की हिने काही गुन्हाच केलाय. शेजारच्या काकांना जखमी मांजर सापडलं, ते सकाळपासून फोन करत होते, शेवटी उचलला तेव्हा म्हणे जागा नाही. आणि ऑफिसमधली एक जण म्हणते तिथल्यासारखी माणसं शोधून सापडणार नाहीत, तिच्या म्हाताऱ्या कुत्रीची अजूनही फोन करून चौकशी करतात. खरं कोणाचं मानू? सासूबाईंचं म्हणणं, कशाला ही कटकट, सरळ विकणाऱ्याकडून पिल्लू आणा. आणि असे वाईट अनुभव लोकांनी उघडपणे मांडायला नकोत का?
गोंधळलेली

सरळ उत्तर आधीच देते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. जा त्या शेल्टरमध्ये, पण डोळे उघडे ठेवून जा, आणि जायच्या आधी त्या पहिल्या मैत्रिणीला एक प्रश्न विचारा. तो कोणता ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रातली चारही माणसं खरं बोलतायत असं मला वाटतं. गोंधळ होतोय तो आपण चारही अनुभव एका शेल्टरच्या नावाखाली जमा करून त्यांची बेरीज-वजाबाकी करतो म्हणून. एकाच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन उत्तम होतं आणि बिलाच्या खिडकीवरचा माणूस खेकसतो, दोन्ही खरंच असतं की नाही, तसंच आहे हे. शेल्टरमध्ये जखमी जनावर आत घेणं वेगळं काम, आजारपण सांभाळणं वेगळं, घर शोधून देणं वेगळं आणि दिल्यानंतर मागे उभं राहणं वेगळं, आणि बऱ्याचदा ही सगळी कामं तीच मोजकी माणसं धावतपळत करत असतात. काकांचा अनुभव पहिल्या कामाचा आहे, ऑफिसमधल्या बाईंचा शेवटच्या. तुम्हाला कुत्रा आणायचाय, तर तुमच्यासाठी मैत्रिणींचे दोन अनुभव जास्त कामाचे.

आता पार्वो. तुमच्या मैत्रिणीचं ऐकून वाईट वाटलं, घरात आणलेलं पिल्लू पाच दिवसांत जाणं म्हणजे काय असतं हे ज्याने बघितलंय त्यालाच कळतं, आणि तिचा राग अगदी रास्त आहे. पण "आजारी पिल्लू गळ्यात मारलं" हे वाक्य तपासून घ्यायला हवं. पार्वोचा व्हायरस शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधीकधी दोन आठवडेसुद्धा, आणि मधल्या काळात पिल्लू मस्त खेळत असतं, खात असतं, डॉक्टरने तपासलं तरी काही सापडत नाही. वर लक्षणं दिसायच्या आधीच त्याच्या शीतून व्हायरस बाहेर पडायला लागलेला असतो म्हणजे शेजारची पिल्लंही धोक्यात. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या म्हणजे लागण बहुतेक शेल्टरमध्येच झाली असणार हे खरं, पण देणाऱ्याला माहीत होतं आणि त्याने लपवलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

"अहो पण इंजेक्शन दिलंय असं सांगितलं होतं की" हेही लोक हमखास म्हणतात. ते खोटं नसतं, पण एका इंजेक्शनने पिल्लू सुरक्षित होत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात काही आठवडे असते आणि ती लसीलाच काम करू देत नाही, ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून घरच्या पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच. शेल्टरमध्ये गर्दी आणि धोका जास्त म्हणून तिथे ४ ते ६ आठवड्यांपासूनच चालू करून दर २ आठवड्यांनी, अगदी २० आठवड्यांपर्यंत द्यावेत असं पशुवैद्यक सांगतात. तेव्हा दोन-अडीच महिन्यांचं, एक डोस झालेलं पिल्लू म्हणजे अर्धवट छत्री, हे देणाऱ्याने नीट समजावून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नसेल तर ती चूक शेल्टरचीच.

आणि आता तो प्रश्न. तिला विचारा, पिल्लू आजारी पडल्यावर तू शेल्टरला कळवलंस का, आणि कळवल्यावर त्यांनी काय केलं? त्याच दिवशी घेऊन या म्हणाले का, त्यांच्या डॉक्टरशी बोलणं करून दिलं का, त्याच्या भावंडांना ज्यांनी घरी नेलं त्या लोकांना फोन केले का, त्या खोलीतली पिल्लं देणं काही दिवस थांबवलं का? की "इथून नेलं तेव्हा चांगलं होतं" म्हणून हात झटकले? वेळेत सलाईन आणि औषधं मिळाली तर पार्वोची बहुतेक पिल्लं वाचतात, नाही मिळाली तर बहुतेक जातात, त्यामुळे त्या पहिल्या फोनला मिळालेलं उत्तर हा पिल्लाच्या जिवाचा प्रश्न असतो. शेल्टर कसं आहे हे मला तरी तिथूनच कळतं. आजार चांगल्यातल्या चांगल्या शेल्टरमध्ये शिरतो, शिरल्यावर ते कसे वागतात यात सगळा फरक पडतो. हात झटकले असतील तर मी माझा "जा" हा सल्ला मागे घेईन, दुसरं शेल्टर शोधा म्हणेन.

एक आणखी सांगा तिला. हा व्हायरस घरात, अंगणात, मातीत महिनोन्महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. आधी साबणाने जागा स्वच्छ धुवून मग एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, तेव्हा मरतो. पुढचा कुत्रा आणायचाच असेल तर सगळे डोस पूर्ण झालेला मोठा आणावा, लहान पिल्लू इतक्यात नको.

दुसरीला नकार मिळाला त्याबद्दल. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी मागणं मला पटतं, कारण मालकाने नको म्हटलं म्हणून परत आलेली कुत्री शेल्टरमध्ये कायम असतात आणि परत आलेलं जनावर पहिल्यापेक्षा जास्त खचलेलं असतं. तुम्ही गावाला गेलात तर कोण बघणार, घरात सगळ्यांची तयारी आहे का, लहान मूल आहे का, आधीचं जनावर आहे का, हे विचारणं बरोबरच. पण दोघं नोकरीला म्हणून थेट नाही म्हणणं मला अजिबात पटत नाही. मोठा कुत्रा दिवसाचे १२-१४ तास झोपून काढतो, त्याला सकाळ-संध्याकाळ नीट फिरवलं, वेळ दिला तर नोकरदार घरात तो मजेत राहतो, लहान पिल्लाचं मात्र तसं नाही, त्याला दर थोड्या वेळाने बाहेर न्यावं लागतं. बऱ्याच शेल्टर्सनी कडक नियमांचा फॉर्म बाजूला ठेवलाय, बसून गप्पा मारतात, तुमचं रुटीन विचारतात आणि त्याला जमेल असा कुत्रा सुचवतात. हे जास्त शहाणपणाचं आहे, कारण फॉर्मला घाबरून चांगली माणसं निघून जातात आणि खोटं लिहिणारी आरामात पास होतात. आणि प्रश्न बरोबर असला तरी विचारायची पद्धत असते, समोरच्याला अपमान वाटेल असं बोलायचा हक्क कोणाला नाही, कितीही चांगलं काम करत असा.

तुमच्या बाबतीत सासूबाई घरी असतात ना, मग हा प्रश्न निम्मा सुटला, पण त्यांच्या मनाविरुद्ध आणू नका, कारण दुपारभर कुत्र्याबरोबर त्याच असणार आहेत. त्यांना सोबत न्या, त्यांना आवडलेला कुत्रा आणा.

काकांच्या मांजराचं मी थोडक्यात सांगते. सकाळी शेल्टरमध्ये सगळी साफसफाई, औषधं, खाणं एकदमच चालू असतं, फोन वाजत राहतो. जागा नाही हे उत्तर ऐकायला निर्दयी वाटतं पण भरलेल्या शेल्टरमध्ये आणखी जनावरं कोंबली की आजार पसरतात आणि आधी आहेत तीही जातात, म्हणून कधी नाही म्हणायचं हे कळणं हा चांगल्या शेल्टरच्या कामाचाच भाग आहे. माझी तक्रार वेगळी आहे, जागा नाही म्हणून फोन ठेवून देणं चूक. जागा नसेल तर निदान दुसरा नंबर द्यावा, आणि सांगावं की जाड टॉवेल टाकून मांजराला उचला, हवा जाईल अशा खोक्यात ठेवा, जबरदस्तीने खायला-प्यायला घालू नका, आणि सरळ जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. हे सांगायला एक मिनिट लागतं. आणि काकांना ते चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगा, रेबीजच्या बाबतीत उद्या बघू म्हणायचं नसतं.

आता तुम्ही तिथे गेल्यावर काय बघायचं. मी शेल्टरमध्ये मदतीला जात आलेय बरीच वर्षं, त्यामुळे माझी नजर आधी साफसफाई करणाऱ्या माणसाकडे जाते. तो सुरुवात कुठून करतो बघा, तेव्हा साफसफाई चालू नसेल तर विचारून घ्या. आधी पिल्लं, मग धडधाकट मोठी कुत्री आणि सगळ्यात शेवटी आजारी, असा क्रम असेल आणि आजाऱ्यांच्या खोलीसाठी वेगळी बादली, वेगळे बूट असतील तर तिथे कोणीतरी विचार करून काम लावून दिलंय. तोच पोछा, तेच काळं झालेलं पाणी आणि एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाताना हात धुणं नाही असं असेल तर वास कितीही स्वच्छतेचा येत असू दे, तिथे पिल्लू घेऊ नका. उलट थोडा शी-शूचा वास आला म्हणून नाक मुरडू नका, इतकी जनावरं एकत्र असली की तो येणारच, जुनी वाळलेली घाण आहे का ते बघा. पाण्याची भांडी बघा. आणि आजारी जनावरांना खरंच वेगळं ठेवतात का हे विचारून घ्या.

मग त्यांना विचारा की या कुत्र्याचं कार्ड दाखवा, लस कोणत्या तारखांना दिली, जंताचं औषध कधी दिलं, नसबंदी झालीय का, गेल्या दोन आठवड्यांत त्याच्या आजूबाजूला कोणी आजारी पडलं का, आधी कुठल्या घरी गेलं होतं आणि परत आलं का, आलं तर का. "एवढं माहीत नाही, विचारून सांगते" असं उत्तर मिळालं तर बिचकू नका, ते प्रामाणिक उत्तर आहे. सगळं एकदम ओके आहे, काही प्रॉब्लेम नाही, न्या तुम्ही, असं कोणी घाई करत असेल तर मला शंका येते. आणि हे जरूर विचारा की नाहीच जमलं तर तुम्ही परत घ्याल का. जबाबदार शेल्टर हो म्हणतं, बरीच जण तर लिहूनच घेतात की दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नका, आमच्याकडेच आणा.

पिंजऱ्यातला कुत्रा बघून मत बनवू नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. कुत्र्यांच्या खोल्यांत भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यात दिवसरात्र राहणारा कुत्रा एकतर जाळीवर उड्या मारून भुंकतो नाहीतर पार मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून, शेपूट पोटाखाली घालून बसतो, आणि लोक पहिल्याला तापट आणि दुसऱ्याला आजारी समजून पुढे जातात. त्याला पट्ट्याने बाहेर शांत जागी आणायला सांगा आणि काही न करता नुसतं शेजारी बसा. आधी तो जमिनीला नाक लावून इकडून तिकडे फिरेल, तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मग कधीतरी अंग असं नाकापासून शेपटीपर्यंत झाडेल, भिजल्यावर झाडतात तसं, आणि तुमच्या बुटाचा वास घ्यायला येईल. तो अंग झाडतो तेव्हा ताण जरा उतरलेला असतो, त्यानंतर जो दिसतो तो खऱ्या कुत्र्याच्या जवळ जाणारा. ज्या शेल्टरमध्ये यासाठी तुम्हाला अर्धा तास देतात ते लोक कुत्रा नुसता खपवत नाहीयेत.

तरीही घरी आल्यावर तो वेगळाच निघेल. शेल्टरवाले ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असं म्हणतात, म्हणजे पहिले काही दिवस बावचळलेला, काही आठवड्यांत तुमचं रुटीन कळायला लागलेलं आणि काही महिन्यांत घरचा झालेला. हा काही शास्त्रीय नियम नाही, एखादा दुसऱ्याच दिवशी सोफ्यावर पसरतो आणि एखाद्याला सहा महिने लागतात, पण पहिल्या आठवड्यातच "हा खातच नाही, हा जवळच येत नाही" म्हणून परत आणून सोडणारी माणसं बघितली की वाटतं, निदान हे आकडे तरी त्यांना आधी सांगायला हवे होते.

तुमच्या घरासाठी मी तरी लहान पिल्लू नको म्हणेन. दोन-तीन वर्षांचा, लसी आणि नसबंदी झालेला, लहान मुलांत राहिलेला किंवा निदान मुलांना न घाबरणारा कुत्रा बघा. पार्वोची धास्ती त्यात बरीच कमी होते, स्वभाव बऱ्यापैकी कळलेला असतो, आणि अशी मोठी कुत्री वर्षानुवर्षं तिथेच राहतात कारण येणारा प्रत्येक जण पिल्लाकडे धावतो. शेल्टर फोस्टरला, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, देत असेल तर आधी काही आठवडे तसा आणा, सगळ्यांनाच अंदाज येतो. लेकीला आधीच सांगून ठेवा की मिठी मारायची नाही, जेवताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही, तो आपणहून जवळ आला तरच छातीला किंवा मानेच्या बाजूला हळूच कुरवाळायचं.

सासूबाईंना सांगा, विकत आणलं म्हणून आजार टळत नाही. तिथेही पिल्लं एकत्र ठेवलेली असतात, बऱ्याचदा आईपासून फार लवकर तोडलेली, ती आई कुठे आणि कशा अवस्थेत आहे हे आपल्याला दिसतही नाही, आणि सहा महिन्यांनी अडचण आली तर फोन कोणाला करणार?

राहिलं अनुभव मांडण्याचं. मांडावेत, नक्की मांडावेत. शेल्टर लोकांच्या देणग्यांवर आणि विश्वासावर चालतं, तिथे काय चालतं हे लोकांना कळलंच पाहिजे. फक्त "भंगार शेल्टर, कोणी जाऊ नका" असं लिहून कोणाचाच फायदा नाही, वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि शेल्टरला काय सुधारायचं ते कळत नाही. कधी गेलो, कशासाठी गेलो, काय विचारलं, काय उत्तर आलं, पुढे काय झालं, एवढं लिहा, कार्डाचा फोटो असेल तर ठेवा. सगळ्यात आधी तेच शेल्टर चालवणाऱ्यांना लेखी पाठवा आणि उत्तराला काही दिवस द्या, उत्तर आलं तर तेही लिहा. पोछा मारणाऱ्या पोराचा व्हिडिओ काढून त्याला बदनाम करू नका, सगळ्यात कमी पगारात सगळ्यात जड काम तो करतो आणि नियम त्याने बनवलेले नसतात. मारहाण, उपाशी ठेवणं, जखमी जनावर उपचाराविना टाकून देणं असलं काही डोळ्यांनी दिसलं तर मात्र वाट बघत बसू नका, फोटो आणि वेळ टिपून सरळ तक्रार करा. आणि त्या ऑफिसमधल्या बाईंनाही लिहायला सांगा. चांगला अनुभव आलेली माणसं कुत्रा घेऊन घरी जातात आणि सुखात असतात, लिहायचं त्यांच्या लक्षातच राहत नाही, म्हणून ऐकू येतं ते जास्त करून चिडलेल्यांचंच.

मैत्रिणीशी बोलून झालं की सकाळची गडबड टाळून दुपारी जा, पहिल्या वेळी तुम्ही, नवरा आणि सासूबाई, लेकीला दुसऱ्या वेळी न्या म्हणजे पहिल्याच दिवशी "हाच पाहिजे" म्हणून रडारड होणार नाही. कुत्रा ठरला की आणायच्या दिवसाला जोडून दोघांपैकी एकाने दोन-चार दिवस सुट्टी काढा, आणि पहिल्या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरकडे तपासून घ्या, जाताना शेल्टरचं कार्ड न्यायला विसरू नका.